पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा शोध : निधी येतो कुठून, अडतो कुठे

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का, या प्रश्नावर आज चार दिशांनी संशोधन चालते. पहिली दिशा सूर्यमालेतली आहे. मंगळ, शुक्र, गुरूचा उपग्रह युरोपा, शनीचे उपग्रह एन्सेलॅडस व टायटन यांच्याकडे यान पाठवून तिथले खडक, बर्फ आणि वायू तपासले जातात. दुसरी दिशा इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची. त्यांच्या वातावरणातून आलेल्या प्रकाशाचे पृथक्करण करून, सजीवांवाचून टिकणे अवघड असे वायू शोधले जातात. तिसऱ्या दिशेत बुद्धिमान जीवांनी पाठवलेले किंवा त्यांच्याकडून निसटलेले कृत्रिम संकेत रेडिओ दुर्बिणींनी हुडकले जातात. चौथ्या दिशेचे काम पृथ्वीवरच होते. आम्लधर्मी झरे, खारी सरोवरे, थंड वाळवंटे, खोल खडक अशा अवघड जागी कोणते सूक्ष्मजीव तग धरतात याचा अभ्यास करून इतरत्र काय शोधायचे ते ठरवले जाते.

या चारही दिशांचा खर्च सारखा नाही. एका यानमोहिमेला शेकडो किंवा हजारो कोटी रुपये लागतात. ग्रहांच्या वातावरणाचा किंवा रेडिओ संकेतांचा शोध आधीच उभ्या असलेल्या दुर्बिणीवर वेळ मिळवून करता येतो. तिथे खर्च पडतो तो माणसांचा, संगणकांचा आणि खास जोडलेल्या यंत्रणेचा. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला यांहून पुष्कळ कमी पैसा पुरतो. निधीचा विचार करताना या दिशा एकत्र मोजल्या, की लहान कामेही महाग वाटू लागतात आणि मोठ्या मोहिमांबरोबर तीही मागे पडतात.

अमेरिकेतला अनुभव

या विषयावर सर्वांत जास्त सरकारी पैसा अमेरिकेने खर्च केला आहे, त्यामुळे निधीच्या चढउतारांचा सर्वांत मोठा इतिहासही तिथलाच. नासाने जीवशास्त्रीय कामाला दिलेले पहिले अनुदान १९५९ चे. वुल्फ विश्नियॅक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला परग्रहावर सूक्ष्मजीवांची वाढ ओळखणारे उपकरण बनवण्यासाठी ४,४८५ डॉलर मिळाले. हे उपकरण पुढे मंगळावर जाणाऱ्या व्हायकिंग मोहिमेसाठी निवडले गेले आणि १९७२ मध्ये खर्च कमी करताना वगळले गेले. विश्नियॅक यांनी अंटार्क्टिकातल्या कोरड्या खोऱ्यांत जीवाणूंचा शोध चालू ठेवला. तिथेच १९७३ मध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला.

सुमारे एक अब्ज डॉलर खर्चाची व्हायकिंगची दोन याने १९७६ मध्ये मंगळावर उतरली. त्यांच्यावर जीवशास्त्राचे तीन प्रयोग होते. त्यांतल्या एका प्रयोगाचा प्रतिसाद सजीवांसारखा आला, परंतु शेजारच्याच उपकरणाला मातीत सेंद्रिय रेणू सापडले नाहीत. या विसंगतीचा उलगडा व्हायला बराच काळ गेला. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार आढळले. तापवल्यावर हे क्षार सेंद्रिय पदार्थ नष्ट करतात, हे तेव्हा ध्यानात घ्यावे लागले. मातीचे रसायन पुरेसे समजण्याआधीच जीवाचा शोध घेतला गेला होता. व्हायकिंगनंतर मंगळावर थेट जीव शोधणारी दुसरी मोहीम काही दशके गेली नाही.

पैशाची ओढ पुन्हा या विषयाकडे वळली ती १९९६ मध्ये. अंटार्क्टिकात सापडलेल्या एएलएच८४००१ या मंगळावरून आलेल्या अशनीत सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात, असा दावा त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाला. बहुतेक तज्ज्ञांनी तो पुढे मान्य केला नाही. तरी त्यातून निर्माण झालेल्या कुतूहलाच्या बळावर १९९८ मध्ये नासाची खगोलजीवशास्त्र संस्था उभी राहिली. भूवैज्ञानिक, रसायनज्ञ, जीवशास्त्रज्ञ व खगोलज्ञ यांच्या गटांना तिने दोन दशके एकत्रित अनुदाने दिली. चुकीचा ठरलेला दावाही एखाद्या विद्याशाखेला स्थैर्य देऊ शकतो, याचे हे उदाहरण.

रेडिओ संकेतांच्या शोधाचे नशीब याच्या उलट निघाले. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने दोन जवळचे तारे ऐकले, तेव्हापासून हे काम रीतसर सुरू झाले. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७८ मध्ये त्याला उधळपट्टीचा उपरोधिक पुरस्कार दिला आणि पुढे निधीही तोडला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी भेट घेऊन समजूत घातल्यावर तो परत मिळाला. नासाचा मोठा शोधकार्यक्रम १२ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झाला, पण एका वर्षातच सिनेटर रिचर्ड ब्रायन यांच्या ठरावाने बंद पडला. त्याचा वार्षिक खर्च सुमारे १.२ कोटी डॉलर, म्हणजे नासाच्या अंदाजपत्रकाच्या एक सहस्रांशाहूनही कमी होता. कार्यक्रम बंद पडला तो रकमेमुळे नव्हे. विषयाची टिंगल करणे सोपे होते आणि त्याची बाजू मतदारसंघात मांडणारा कोणी नव्हता.

खासगी पैसा आणि त्याच्या मर्यादा

सरकारी निधी तुटल्यावर सेटी इन्स्टिट्यूट या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने काम पुढे नेले. डेव्हिड पॅकार्ड, विल्यम ह्यूलेट, गॉर्डन मूर, पॉल अ‍ॅलन या तंत्रउद्योजकांच्या देणग्यांवर १९९५ ते २००४ या काळात तिचा फिनिक्स नावाचा रेडिओ शोधप्रकल्प चालला. अ‍ॅलन यांच्याच पैशातून कॅलिफोर्नियात ४२ तबकड्यांची दुर्बीण उभी राहून २००७ मध्ये सुरू झाली. मात्र उभारणीला देणगीदार मिळाला तसा रोजच्या खर्चाला मिळाला नाही. एप्रिल २०११ मध्ये दुर्बीण बंद ठेवावी लागली. लोकवर्गणीतून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमल्यानंतर आणि इतर कामे मिळाल्यावर ती वर्षअखेरीस पुन्हा चालू झाली. देणगीदाराला इमारत आणि यंत्र दाखवता येते. वीजबिल व पगार दाखवता येत नाहीत.

जुलै २०१५ मध्ये उद्योजक युरी मिल्नर यांनी दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलरचा ‘ब्रेकथ्रू लिसन’ कार्यक्रम जाहीर केला आणि ग्रीन बँक व ऑस्ट्रेलियातील पार्क्स या दुर्बिणींवरचा वेळ विकत घेतला. पार्क्सने २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या शेजारच्या ताऱ्याच्या दिशेने एक संशयास्पद संकेत टिपला. बारकाईने छाननी झाल्यावर २०२१ मध्ये तो पृथ्वीवरच्याच उपकरणांचा व्यत्यय ठरला. ही छाननी कोणाच्या नजरेत भरणारी नव्हती, पण तिच्यासाठी पैसा आणि माणसे हाताशी होती. २०२३ मध्ये सेटी इन्स्टिट्यूटला फ्रँकलिन अँटोनियो या उद्योजकाच्या मृत्युपत्रातून वीस कोटी डॉलर मिळाले. एका व्यक्तीच्या इच्छेवर अख्खी विद्याशाखा तरू शकते, हे खासगी निधीचे बळ आहे आणि धोकाही तोच आहे.

धाडसी कल्पनांसाठी पायऱ्या

नव्या, अजमावून न पाहिलेल्या कल्पनेला पैसा कसा द्यावा, याचे एक व्यवहार्य उत्तर नासाच्या प्रगत संकल्पना कार्यक्रमात मिळते. तिथे निधी तीन पायऱ्यांनी मिळतो. अलीकडच्या फेऱ्यांत पहिल्या पायरीला नऊ महिन्यांसाठी १,७५,००० डॉलरपर्यंत रक्कम देण्यात आली. कल्पना भौतिकशास्त्राच्या नियमांत बसते का, एवढेच तेवढ्यात पाहायचे असते. दुसरी पायरी दोन वर्षांची व सुमारे सहा लाख डॉलरची. तिसरीला वीस लाख डॉलरपर्यंत मिळतात, पण तिथवर फार थोडे पोहोचतात.

युरोपाच्या बर्फाखालच्या समुद्रात मोबाइल फोनएवढे पोहणारे यंत्रमानव सोडण्याची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतली कल्पना याच वाटेने गेली. तिला २०२१ मध्ये पहिली आणि २०२२ मध्ये दुसरी पायरी मिळाली आणि तिचे नमुने पोहण्याच्या तलावात तपासले गेले. हे यंत्र युरोपावर जाईल की नाही हे ठरायला अजून वेळ आहे. तोवर अपयशाची किंमत मात्र लहान राहिली आहे. युरोपा क्लिपर हे १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले यान सुमारे पाच अब्ज डॉलरचे आहे. तिथे अशी चाचपणी परवडत नाही.

भारतातली रचना

भारतात पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीच्या शोधाला स्वतंत्र लेखाशीर्ष नाही. पैसा वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या नावांनी येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तिचे पुण्यातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालतात. पुण्याचेच आयुका हे आंतरविद्यापीठ केंद्र १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केले. पुण्यातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र जैवतंत्रज्ञान विभागाखाली येते, तर आघारकर संशोधन संस्था विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली. यानमोहिमा इस्रोच्या.

इस्रोच्या मोहिमांत जीवसृष्टीचा प्रश्न कडेकडेने येतो. सुमारे ४५० कोटी रुपयांच्या मंगळयानावर मिथेन मोजण्यासाठी एक संवेदक होता. त्याच्या नोंदी मुख्यतः मंगळपृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या नकाशांसाठी उपयोगी पडल्या. चांद्रयान-३ च्या प्रणोदन कक्षावरच्या ‘शेप’ या उपकरणाने २०२३ मध्ये पृथ्वीकडेच एका दूरच्या ग्रहासारखे पाहिले, म्हणजे जीवसृष्टी असलेल्या ग्रहाचा प्रकाश कसा दिसतो याची नोंद घेतली. शुक्राच्या कक्षेत जाणाऱ्या यानाला सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपये मंजूर झाले. त्याचे घोषित उद्दिष्ट शुक्राचा पृष्ठभाग, भूगर्भ आणि वातावरण यांचा अभ्यास हे आहे. शुक्राच्या ढगांत फॉस्फीन असल्याच्या २०२० मधल्या वादग्रस्त दाव्यामुळे त्या वातावरणाकडे जीवशास्त्रज्ञांचेही लक्ष आहे.

विद्यापीठांतल्या संशोधकाला तीन मुख्य दारे आहेत. इस्रोची ‘रिस्पॉन्ड’ योजना विद्यापीठांना अनुदान देते, पण इस्रोने जाहीर केलेल्या गरजांशी प्रस्ताव जुळावा लागतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि मुंबईच्या आयआयटीत इस्रोचे अवकाश तंत्रज्ञान कक्षही आहेत. दुसरे दार २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची त्याची योजना आहे आणि त्यातला मोठा वाटा, सुमारे ३६,००० कोटी, सरकारबाहेरून म्हणजे उद्योग व दानशूर संस्थांकडून अपेक्षित आहे. तिसरे दार राज्य सरकारांचे. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, तर कर्नाटकात ‘व्हिजन ग्रुप ऑन सायन्स अँड टेक्नॉलॉजी’. सीमाभागात याचा अर्थ असा की कोल्हापूरच्या प्राध्यापकाला आणि बेळगावच्या प्राध्यापकाला एकाच डोंगररांगेवरच्या कामासाठी दोन वेगळ्या राजधान्यांकडे अर्ज करावा लागतो. केंद्रीय योजनांना ही अडचण नाही.

हैदराबादचे फुगे

भारतात पृथ्वीबाहेरच्या जीवाचा थेट शोध म्हणता येईल असा सर्वांत ठळक प्रयोग कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने झाला. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडले होते की सूक्ष्मजीव धूमकेतूंमधून अवकाशभर पसरत असावेत आणि पृथ्वीवरही पडत असावेत. ही कल्पना बहुतेक जीवशास्त्रज्ञांना पटत नव्हती. नारळीकरांनी तिला तपासता येईल अशा प्रश्नाचे रूप दिले. जमिनीवरचे जीवाणू सहसा पोहोचू नयेत एवढ्या उंचीवरच्या हवेत जिवंत पेशी सापडतात का?

प्रयोगासाठी लागणारी बहुतेक साधने दुसऱ्या कामांसाठी उभी होती. हैदराबादची फुग्यांची सुविधा टाटा संस्थेची होती आणि तिची मुळे वैश्विक किरणांच्या अभ्यासात होती. अतिशीत नळ्यांत हवा गोठवून आणण्याचे तंत्र ओझोनला बाधक असलेल्या वायूंच्या मोजणीत वापरले गेले होते. इस्रोने या सर्वांना एकत्र आणून प्रयोगाचा भार उचलला. अंतराळशास्त्रज्ञ यू. आर. राव आणि जीवशास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गव यांचे मार्गदर्शन होते.

पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या नमुन्यांचा काही भाग ब्रिटनमध्ये तपासला गेला. तिथे दोन जीवाणू आणि एक बुरशी वाढली, आणि त्या तिन्ही जाती पृथ्वीवर आधीच माहीत असलेल्या होत्या. प्रयोगशाळेतच नमुना दूषित झाला असावा, ही शंका त्यामुळे कायम राहिली.

दुसरे उड्डाण २० एप्रिल २००५ रोजी झाले. २ कोटी ६७ लाख घनफूट आकारमानाच्या फुग्याखाली ४५९ किलो वजनाची यंत्रणा होती आणि ती थंड ठेवण्यासाठी ३८ किलो द्रवरूप निऑन होता. निर्जंतुक, निर्वात केलेल्या पोलादी नळ्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. या वेळी नमुने हैदराबादचे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांनी स्वतंत्रपणे तपासले. एस. शिवाजी आणि योगेश शौचे हे तिथले प्रमुख शास्त्रज्ञ. एकूण बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. तीन जीवाणू नव्या जातींचे ठरले आणि त्यांना हॉईल, इस्रो व आर्यभट यांची नावे मिळाली: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. अतिनील किरणांना ते आपल्या जवळच्या नातलग जातींपेक्षा अधिक दाद न देणारे होते. इस्रोने मार्च २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना स्पष्ट केले की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यातून सिद्ध होत नाही.

नंतरच्या घटनांनी ही सावधगिरी योग्य ठरवली. बॅसिलस आर्यभट्टाई पुढे मध्य भारतातल्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या मुळांजवळही सापडला. ४१ किलोमीटरवर जीव असणे आणि तो वरून आलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ठरवायला पेशींतल्या कार्बन व इतर मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजावे लागते, वादळे आणि ज्वालामुखी धूळ किती उंच नेतात याचा हिशेब लागतो आणि वेगवेगळ्या ऋतूंत, अक्षांशांवर उड्डाणे लागतात. प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या दोनच उड्डाणांचे आहेत आणि त्यांच्यात चार वर्षांचे अंतर आहे. उपकरणे मिळाली, माणसे मिळाली, संस्था एकत्र आल्या. न मिळालेली गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षे चालणारी मालिका.

खोडदची दुर्बीण

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेल्या आहेत. तिच्यावर वेळ मिळवण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. जगातला कोणीही संशोधक सहा महिन्यांच्या प्रत्येक फेरीसाठी प्रस्ताव पाठवू शकतो. समिती गुणवत्ता पाहून वेळ देते आणि मागणी उपलब्ध वेळेपेक्षा जास्त असते. पैशाची टंचाई इथे वेळेच्या टंचाईच्या रूपात दिसते.

जीवसृष्टीच्या प्रश्नाला या दुर्बिणीने काही वेळा हात लावला आहे. तिच्या साहाय्याने फ्रेंच शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील गटाने एचएटी-पी-११बी या ग्रहाच्या दिशेने १५० मेगाहर्ट्झवर एक अस्पष्ट संकेत नोंदवला. अशा संकेतातून ग्रहाला चुंबकीय क्षेत्र आहे का, म्हणजे त्याच्या वातावरणाला कवच आहे का, हे कळू शकते. दुसऱ्या खेपेच्या निरीक्षणात तो संकेत दिसला नाही. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण आवाज खोडदला ऐकू आला आणि उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो बंद पडल्याचेही इथे कळले. एका यानाच्या छोट्या प्रक्षेपकाचा संकेत कोट्यवधी किलोमीटरवरून टिपण्याची ही क्षमता कृत्रिम संकेतांच्या शोधालाही लागते.

ही दुर्बीण चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातून पीएचडी केलेले विशाल गज्जर पुढे बर्कली येथे ब्रेकथ्रू लिसनच्या कामात गेले. दुर्बीण इथे, प्रशिक्षण इथे आणि त्याच प्रश्नासाठी राखीव पैसा तिकडे, अशी ही विभागणी आहे. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीतल्या भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर झाले असून त्याचे नेतृत्व पुण्याच्या केंद्राकडे आहे. जीवसृष्टीचा उगम आणि बुद्धिमान जीवांचे संकेत हे त्या दुर्बिणीच्या घोषित वैज्ञानिक उद्दिष्टांत आहेत. भारतीय गटांना या भागात जागा घ्यायची असेल, तर तयारी दुर्बीण सुरू होण्याआधी व्हायला हवी.

दख्खनचा दगड : लोणार, कोयना, जांबोटी

सर्वांत स्वस्त आणि मराठी मुलखाला सर्वांत सोयीची दिशा पृथ्वीवरच्या प्रतिरूप स्थळांची, म्हणजे परग्रहांशी साम्य असलेल्या जागांची. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे आणि महाराष्ट्राचाही. बुलडाणा जिल्ह्यातले १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर हे बेसाल्टमध्ये आघाताने झालेले, चांगले टिकलेले दुर्मिळ विवर आहे. त्याच्या अल्कधर्मी सरोवरात मिथेन तयार करणारे आणि मिथेनवर जगणारे, दोन्ही प्रकारचे सूक्ष्मजीव पुण्यातल्या संस्थांनी अभ्यासले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आघारकर संस्थेने दाखवले.

कोयनेच्या भूकंपांचा उलगडा व्हावा म्हणून भूविज्ञान मंत्रालयाने सातारा जिल्ह्यात गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले. कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली ग्रॅनाइट लागला आणि त्या खडकांतले सूक्ष्मजीव खरगपूरच्या आयआयटीने तपासले. सूर्यप्रकाशाशिवाय, खडकातल्या रसायनांवर जगणारे जीवन मंगळाच्या पोटात शक्य आहे का, या प्रश्नाशी ही माहिती थेट जोडलेली आहे. छिद्राचा खर्च भूकंपाच्या खात्यावर पडला, जीवशास्त्राला नमुने जवळजवळ फुकट मिळाले.

दख्खनच्या लाव्हाची दक्षिण कड बेळगाव जिल्ह्यात येते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याचे सडे आहेत. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांनी लाखो वर्षे दगडातले विद्राव्य घटक धुऊन नेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. जिल्ह्याच्या पूर्वेला, गोकाकचा धबधबा ज्या कठीण थरांवरून कोसळतो, ते कलादगी खोऱ्याचे खडक आहेत. त्याच खोऱ्यातल्या चुनखडीसारख्या खडकांत प्राचीन सूक्ष्मजीवांच्या चटयांनी घडवलेले स्तरित जीवाश्म मिळतात. म्हणजे लाव्हा, पाण्याने बदललेला लाव्हा आणि सूक्ष्मजीवांनी घडवलेला खडक ही तिन्ही उदाहरणे बेळगाव आणि त्याच्या आसपास पाहता येतात. दख्खनच्या बेसाल्टवर पाण्याने घडवलेल्या खनिजांची मंगळाशी तुलना करणारा, अमेरिकी शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्सिव्हिअरन्स बग्गीने मंगळावर गोळा केलेल्या एका खडकात जीवसृष्टीच्या संभाव्य खुणा असल्याचा शोधनिबंध सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तेव्हाही मुख्य प्रश्न हाच होता की अशी लोहखनिजे जीवाशिवाय किती सहज तयार होतात. त्याचे उत्तर पृथ्वीवरच्या खडकांतूनच मिळणार आहे.

अशा कामाला लागतात पदव्युत्तर विद्यार्थी, खडक कापण्याचे यंत्र, सूक्ष्मदर्शक, रासायनिक पृथक्करणाची सोय आणि डीएनए वाचण्याचा खर्च. परवानग्याही लागतात. जांबोटीजवळचे भीमगड अभयारण्य संरक्षित आहे, तिथला दगडही वनखात्याला विचारून घ्यावा लागतो. सूक्ष्मजीवांचे नमुने संशोधनासाठी परदेशी संस्थेला द्यायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली मंजुरीचा प्रश्न येतो. अनुदानाच्या मुदतीत हा वेळ धरलेला नसेल तर पहिले वर्ष कागदपत्रांतच जाते.

प्रस्तावाची कसोटी

या विषयातल्या प्रस्तावांची पारख करताना दोन टोके टाळावी लागतात. परीक्षक सहसा आपापल्या शाखेचे असतात. फुग्याचा प्रयोग खगोलज्ञाला जीवशास्त्र वाटतो, जीवशास्त्रज्ञाला खगोलशास्त्र. परिणामी आंतरशाखीय प्रस्तावाला कोणीच आपले मानत नाही. दुसऱ्या टोकाला, विषय आकर्षक असल्याने कच्च्या दाव्यालाही लगेच प्रसिद्धी मिळते. के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी संबंधित वायूची चिन्हे असल्याचा निक्कू मधुसूदन यांच्या गटाचा एप्रिल २०२५ मधला दावा जगभर गाजला. त्याच नोंदींचे पुन्हा विश्लेषण करणाऱ्या इतर गटांनी संकेत इतका स्पष्ट नसल्याचे मत दिले.

नासाचे तेव्हाचे मुख्य शास्त्रज्ञ जिम ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली. पहिली पायरी संकेत मिळणे, दुसरी दूषितता वगळणे, नंतर निर्जीव स्पष्टीकरणे वगळणे आणि शेवटी स्वतंत्र निरीक्षणांनी पुष्टी. या पट्टीवर हैदराबादचा प्रयोग दुसऱ्या पायरीच्या आसपास थांबतो. निधी देणाऱ्या संस्थांनाही ती उपयोगी आहे. प्रस्ताव कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर नेणार, उत्तर नकारार्थी आले तर काय कळणार, दूषितता ओळखण्यासाठी कोरे नमुने किती ठेवणार, दुसरी कोणती प्रयोगशाळा तेच नमुने तपासणार, एवढे चार प्रश्न विचारले तर धाडसी आणि बेजबाबदार प्रस्ताव वेगळे काढता येतात.

आक्षेप

गरजू देशाने हा खर्च करावा का, हा नेहमीचा आक्षेप आहे. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे आणि त्या मर्यादेत प्रत्येक शाखा दुसरीशी स्पर्धा करते. मोठ्या यानमोहिमांबाबत हा आक्षेप विचारात घ्यावाच लागतो. लहान कामांबाबत तो टिकत नाही, कारण त्यांची साधने बहुधा आधीच उभी आहेत आणि त्यांतून निघणारे ज्ञान इतरत्र वापरता येते. क्षारप्रिय जीवाणूंची विकरे उद्योगाला लागतात, अतिउंचीवरची हवा हवामानशास्त्राला लागते, आणि आर्यभटाचे नाव घेतलेला जीवाणू आज पिकांना जस्त उपलब्ध करून देण्याच्या संदर्भात अभ्यासला जातो.

दुसरा आक्षेप असा की साठ वर्षे शोधून काही सापडले नाही. परंतु मंगळावरच्या जीवाचा थेट शोध फार थोड्या वेळा आणि फार थोड्या जागी झाला आहे, आणि रेडिओ शोधाने शक्य असलेल्या दिशा, तरंगलांबी व काळ यांचा अगदी लहान हिस्सा तपासला आहे. इतक्या कमी तपासणीवरून जीवसृष्टी नाही असे म्हणता येत नाही. ती आहे असेही म्हणता येत नाही.

निष्कर्ष

अमेरिकेत या शोधाचे सर्वांत मोठे नुकसान निधी मध्येच तुटल्याने झाले. भारतात निधी तुटत नाही, कारण तो या नावाने कधी सुरूच झालेला नाही. उसन्या साधनांवर पहिला प्रयोग होतो, तो चांगला होतो, आणि पडताळणीची वेळ आली की साधने आपापल्या मूळ कामाला परत जातात. नवी महाकाय योजना हा यावरचा उपाय नाही. अनुसंधान प्रतिष्ठानने इस्रो, अणुऊर्जा विभाग व भूविज्ञान मंत्रालय यांच्यासह एक छोटे, सामायिक लेखाशीर्ष उघडावे. त्यातून पहिल्या चाचणीला लहान अनुदान द्यावे, यशस्वी चाचणीला किमान पाच वर्षांचा शब्द द्यावा, आणि प्रत्येक प्रकल्पाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा दुसऱ्या संस्थेकडून होणाऱ्या फेरतपासणीसाठी राखून ठेवावा. पुणे, हैदराबाद, लोणार, कराड आणि बेळगाव या ठिकाणी लागणारी यंत्रे, खडक आणि माणसे आज आहेत. फुग्याच्या तिसऱ्या उड्डाणापासून सुरुवात करता येईल.